असूर्यंपश्या आणि ललाटंतप : ऊन, त्वचा आणि सावलीच्या वाटपाचा इतिहास

१

पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात एक छोटेसे सूत्र (३.२.३६) आहे. त्यात दोन शब्दांची सिद्धी सांगितली आहे : 'असूर्यंपश्य' आणि 'ललाटंतप'. पहिल्याचा अर्थ सूर्य न पाहणारा, दुसऱ्याचा कपाळ तापविणारा. काशिकावृत्तीने पहिल्या शब्दासाठी राजस्त्रियांचे उदाहरण दिले आहे आणि दुसऱ्यासाठी सूर्याचे. हे दोन शब्द शेजारी येण्याचे कारण वैयाकरणाच्या लेखी केवळ प्रत्ययाचे आहे. संस्कृतीच्या अभ्यासकाला मात्र या शेजारात एक सामाजिक चित्र दिसू लागते. एका टोकाला जिच्यावर ऊन पडतच नाही अशी अंतःपुरातील स्त्री आहे. दुसऱ्या टोकाला ज्याचे कपाळ दिवसभर तापते असा एक देह आहे. त्या देहाचे नाव उदाहरणात येत नाही. तेथे तापविणाऱ्या सूर्याचाच उल्लेख पुरेसा मानला गेला आहे.

सूर्यप्रकाश सर्वांवर सारखा पडतो, हे विधान निसर्गाविषयी खरे असले तरी समाजाविषयी खरे नाही. उन्हात कोणी उभे राहावे, सावली कोणाला मिळावी, डोक्यावर छत्र कोणी धरावे आणि कोणाच्या डोक्यावर, याविषयी प्रत्येक काळाने आपापले नियम केले. त्या नियमांना कधी धर्माचा, कधी राजसत्तेचा, तर कधी वैद्यकाचा आधार देण्यात आला. प्रस्तुत निबंधात या वाटपाचा शोध प्रामुख्याने तीन स्थळी घेतला आहे : छत्राविषयीची परंपरा, वसाहतकाळातील सोला टोपी आणि नाशिक येथील मुडदुसाचा एक अभ्यास. त्वचा आणि अतिनील किरण यांविषयी आज उपलब्ध असलेले ज्ञान या तिन्ही स्थळांकडे नव्याने पाहावयास लावते.

२

प्रथम भाषेचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीतील 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण' या शब्दापासून आला. त्यामुळे अंगणात ऊन पडते आणि पानात ऊन ऊन भातही वाढला जातो. प्रकाश आणि उष्णता यांत मराठी भाषक या शब्दापुरता भेद करीत नाही. संस्कृत 'आतप' हा शब्द 'तप्' धातूपासून बनला आहे, तर बंगालीतील 'रोद' या शब्दाच्या मागे 'रौद्र' आहे. उन्हाने लाल झालेल्या कातडीला इंग्रजीतही 'सनबर्न' म्हणजे भाजणेच म्हणतात. या सर्व भाषांनी एक समजूत गृहीत धरली आहे : त्वचेला इजा होते ती उन्हाच्या तापाने.

ही समजूत चुकीची असल्याचे एका साध्या प्रयोगातून पुढे आले. लंडनमधील शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी आपला एक हात उघडा ठेवून आणि दुसऱ्यावर काळे कापड घालून दोन्ही हात उन्हात धरले. काळ्या कापडाखाली तापमान अधिक भरले, तरी फोड आले ते उघड्या हातावर. १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधात होम यांनी कृष्णवर्णीय त्वचेचा रंग हे उन्हाविरुद्धचे संरक्षण आहे, असा निष्कर्ष मांडला. तत्पूर्वी, १८०० साली विल्यम हर्शेल यांनी तांबड्या रंगापलीकडील अदृश्य उष्ण किरण शोधले होते आणि १८०१ साली येना येथे योहान विल्हेल्म रिटर यांना जांभळ्या रंगापलीकडे सिल्व्हर क्लोराइड वेगाने काळे पडताना आढळले होते. या दुसऱ्या किरणांना त्या काळी 'रासायनिक किरण' म्हटले गेले. मराठीने त्यांना 'जंबुपार' आणि 'अतिनील' अशी दोन नावे दिली. १८९० च्या दशकात नील्स फिन्सेन यांनी आपल्या हातावर शाईचा पट्टा ओढून तो हात उन्हात धरला. शाईखालची कातडी पांढरी राहिली आणि बाजूची लाल झाली. प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेच्या क्षयावर उपचार केल्याबद्दल याच फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज हे किरण तरंगलांबीनुसार तीन गटांत विभागले जातात. १०० ते २८० नॅनोमीटरचे 'सी' किरण वातावरणातच शोषले जातात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या 'बी' किरणांचा थोडा भाग जमिनीपर्यंत पोहोचतो. त्वचा लाल होते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'ए' किरण मोठ्या प्रमाणात पोहोचतात आणि त्वचेच्या खालच्या थरापर्यंत शिरतात. अकाली सुरकुत्या आणि डाग यांच्याशी त्यांचा संबंध आहे. या किरणांचा स्पर्श उष्ण लागत नाही, हा येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा होय. उंची हजार मीटरने वाढली की त्यांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात 'ऊन लागत नाही' असे म्हणणाऱ्याच्या त्वचेला ते लागतच असते.

तथापि भाषा येथे सर्वस्वी चुकली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मराठीने उन्हाला 'कोवळे', 'तिरपे', 'कडक', 'रखरखीत' अशी विशेषणे दिली आणि त्यांतून दिवसाचा प्रहर अचूक नोंदविला. सकाळचे कोवळे ऊन वातावरणातून तिरपा, लांबचा मार्ग कापून येते. त्यात 'बी' किरण अत्यल्प असतात. सूर्य माथ्यावर आला की ते सर्वाधिक होतात. तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरणाऱ्या आजीला तरंगलांबी ठाऊक नव्हती. कोन आणि वेळ मात्र ठाऊक होती.

३

महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्र आणि पादत्राण यांच्या उत्पत्तीची कथा आहे. जमदग्नी ऋषी क्रीडा म्हणून बाण सोडीत आहेत आणि रेणुका ते गोळा करून आणीत आहे. ज्येष्ठातला मध्यान्ह होतो. मस्तक आणि पाय भाजू लागल्याने ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबते आणि पतीच्या शापाच्या भीतीने पुन्हा धावते. उशिराचे कारण ऐकून जमदग्नी सूर्यावरच बाण रोखतात. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने येऊन त्यांना शांत करतो आणि छत्र व पादत्राणे देतो.

माहूरगडाची रेणुका महाराष्ट्रात अनेक कुळांची कुलदेवता आहे. त्यामुळे ही कथा मराठी वाचकाला परकी नाही. तिच्या रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. छत्राची गरज निर्माण होते ती भाजलेल्या स्त्रीच्या अनुभवातून. बाण सोडणारा पुरुष एका जागी उभा आहे; उन्हात धावण्याचे काम तिच्याकडे आहे. कथा संपते तेव्हा भीष्म युधिष्ठिराला छत्रदानाचे पुण्य सांगतात आणि दानास पात्र ठरतो तो ब्राह्मण. ज्या देहाच्या दाहातून संरक्षणाची कल्पना निघाली, तो देह संरक्षणाच्या विधीत मागे पडतो. पुढील इतिहासात ही रचना पुन्हा पुन्हा दिसते.

छत्र राजचिन्ह झाले, तेव्हा त्याचा उन्हाशी असलेला संबंध जवळजवळ प्रतीकात्मक उरला. १६७४ साली रायगडावर धारण केलेल्या 'छत्रपती' या पदात संरक्षण करणारा आणि संरक्षित असणारा हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. मराठी दरबारातील 'अबदागीर' हा शब्द याहूनही बोलका आहे. फारसी 'आफ्ताबगीर' म्हणजे सूर्याला धरणारा किंवा रोखणारा; त्याचे हे मराठी रूप. उंच दांड्याची ही सूर्यरोधक झडप मानकऱ्याबरोबर चाले. ती धरणारा सेवक मात्र उन्हातच चालत असे. इटालियन व फ्रेंचमधील 'पॅरासोल' हा शब्द सूर्याला अडविण्याचा निर्देश करतो, स्पॅनिश 'सोम्ब्रेरो' सावलीचा. फारसीने धरणाऱ्या क्रियेला शब्दात जागा दिली. तरी धरणारा माणूस तेथेही चिन्हाच्या दांड्याआड राहिला.

छत्र मानाचे ठरल्यावर ते नाकारणे हा अपमानाचा प्रकार ठरला. त्रावणकोरमध्ये शाणार (पुढे नाडार) समाजाला छत्री घेण्यास आणि पादत्राणे घालण्यास मनाई होती. रेणुकेच्या कथेत सूर्याने दिलेल्या नेमक्या त्याच दोन वस्तू येथे एका समाजाला नाकारल्या गेल्या. पेशवाईतील पुण्याविषयी गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात नोंदविलेली प्रथा याहून विलक्षण आहे. दुपारी तीन ते सकाळी नऊ या वेळेत महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्यास बंदी होती. कारण सकाळी नऊपूर्वी व दुपारी तीननंतर माणसाची सावली लांब पडते आणि ती उच्चवर्णीयावर पडण्याचा संभव असतो.

या नियमाचे गणित उलट बाजूने मांडून पाहिले पाहिजे. सावलीचा विटाळ टाळण्यासाठी प्रवेशाची जी मुभा उरली, ती मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तास. अतिनील किरणांची तीव्रता नेमकी याच तासांत सर्वाधिक असते, आणि या वेळेत शक्य तो सावलीत राहावे असा सल्ला आजचे वैद्यक देते. हा नियम करणाऱ्यांना किरणांची कल्पना नव्हती. त्यांना केवळ सावली आखूड हवी होती. पण सावली सर्वांत आखूड असते तेव्हाच ऊन सर्वांत प्रखर असते. परिणामी ज्यांना अस्पृश्य ठरविले, त्यांच्या वाट्याला शहर आले ते ललाटंतप सूर्यासह.

४

एकोणिसाव्या शतकात या वाटपाला शरीरशास्त्राची भाषा लाभली. १८५७ नंतर भारतातील गोऱ्या सैनिकांची संख्या वाढली आणि त्यांच्या आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ज्यूलियस जेफ्रीज यांनी १८५८ साली ब्रिटिश सैन्याच्या पोशाख-निवासाविषयी ग्रंथ लिहून शिरस्त्राणाचा विस्ताराने विचार केला. पुढील काळात साहेबाची ओळख ठरलेली सोला टोपी घडली ती बंगालच्या पाणथळ जमिनीत वाढणाऱ्या 'शोला' या वनस्पतीच्या भेंडापासून. इंग्रजी कानाला 'सोला' हा शब्द 'सोलर'सारखा वाटला आणि अनेकदा तो तसाच लिहिलाही गेला. वस्तुतः बंगाली नवरदेवाचा टोपर आणि दुर्गेच्या मूर्तीचे पांढरे अलंकार याच भेंडाचे होतात. एकाच वनस्पतीने नवरदेवाला मुकुट दिला आणि साहेबाला शिरस्त्राण.

टोपी उपयुक्त नव्हती असे नाही. रुंद काठाच्या टोपीने चेहरा, मान व डोळे यांवर पडणारे अतिनील किरण कमी होतात. प्रश्न होता तो तिच्या समर्थनासाठी रचलेल्या सिद्धान्ताचा. रिटरच्या 'रासायनिक' किरणांना आता 'ॲक्टिनिक' असे नाव मिळाले होते. हे किरण गोऱ्या माणसाची कवटी व पाठीचा कणा भेदून मज्जासंस्थेवर आघात करतात, असे मानले जाऊ लागले. फिलिपीन्समध्ये काम केलेले अमेरिकन लष्करी वैद्य चार्ल्स वुड्रफ यांनी १९०५ साली उष्ण कटिबंधातील प्रकाशाच्या गोऱ्या माणसांवरील परिणामांविषयी एक ग्रंथच लिहिला. टोपीबरोबर पाठीवर बांधावयाच्या जाड गाद्या आल्या. टोपीला व कपड्यांना तांबडे अस्तर आले. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याने काच खराब होत नाही, म्हणून तांबड्या कापडाने मेंदूही वाचेल, असा हा तर्क होता. त्वचेला छायाचित्राची काच मानणारे हे रूपक वैद्यकात थेट पोशाखाचा नियम बनून वावरले.

त्याची परीक्षाही झाली. फिलिपीन्समध्ये शेकडो अमेरिकन सैनिकांना नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालावयास देऊन त्यांची तुलना इतरांशी करण्यात आली. जेम्स फेलन यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात या वस्त्रांचा लाभ दिसला नाही. दरम्यान जे. एस. हॉल्डेन यांनी १९०५ साली उष्ण व दमट हवेत शरीराचे तापमान कसे वाढते हे दाखवून दिले होते. उष्माघात होतो तो उष्णता, दमटपणा आणि श्रम यांच्या संयोगाने. अतिनील किरण त्वचेतच शोषले जातात. कवटीपर्यंतही ते पोहोचत नाहीत. तरी टोपी टिकली, कारण तिचे खरे काम वैद्यकीय नव्हते. भारतीय अधिकाऱ्यांनीही ती स्वीकारली, यावरून तिचे सामाजिक मोल लक्षात येते.

ब्रह्मदेशात १९२२ ते १९२७ या काळात पोलीस अधिकारी असलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४४ साली 'ट्रिब्यून'मधील आपल्या सदरात या समजुतीचे मर्म उघड केले. युरोपीयाची कवटी पातळ आणि एतद्देशीयाची जाड, हा विश्वास साम्राज्याला हवा असलेल्या भेदाचा आधार होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. कवटीचे पातळपण हेच जणू श्रेष्ठत्वाचे लक्षण ठरले. या तर्काची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. साहेबाला ऊन सोसत नाही, म्हणून नांगरणाऱ्याला, रूळ टाकणाऱ्याला आणि पंखा ओढणाऱ्याला ते सोसते, असे मानणे सोपे झाले. एकाच्या नाजूकपणातून दुसऱ्याच्या काटकपणाचा सिद्धान्त निघाला आणि त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्यावर काहीच देण्याची आवश्यकता उरली नाही.

साहित्याने या सूर्याला निरनिराळी रूपे दिली. नोएल कॉवर्ड यांच्या १९३१ सालच्या प्रसिद्ध विनोदी गीतात भर दुपारी बाहेर पडणारा इंग्रज हास्याचा विषय होतो. आल्बेर काम्यू यांच्या १९४२ सालच्या 'परका' (लेत्रांजे) या कादंबरीत तोच वसाहतीचा सूर्य भीषण होतो. अल्जियर्सच्या समुद्रकिनारी मर्सोचे कपाळ उन्हाने दुखते आहे आणि समोरचा अरब खडकाच्या सावलीत कपाळ ठेवून पडलेला आहे. त्याचे बाकीचे शरीर उन्हात आहे. पुढे न्यायालयात मर्सो खुनाचे कारण सूर्य असल्याचे सांगतो. पाणिनीच्या सूत्रातील ललाट येथे अनपेक्षितपणे पुन्हा भेटते. फरक इतकाच की ज्याचे कपाळ तापले त्याला आत्मकथन मिळाले आहे. जो सावलीत होता, त्याला कादंबरीत नावही नाही. वसाहतीच्या साहित्यात उन्हाची वेदना व्यक्त करण्याचा अधिकारदेखील वाटला गेला होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिकांनी साध्या कापडी टोप्या वापरल्या आणि सोला टोपीचा दबदबा संपला. अटळ मानलेले शरीरशास्त्र अवघ्या काही वर्षांत विसरले गेले.

५

छत्र आणि टोपी यांच्या इतिहासावरून सावली म्हणजे केवळ लाभ, असा समज होणे शक्य आहे. नाशिक येथील अभ्यास तो दुरुस्त करतो. मुडदूस हा लहान मुलांची हाडे वाकविणारा विकार आहे. १८९० साली थिओबाल्ड पाम यांनी विविध देशांतील माहितीची तुलना करून त्याचा संबंध सूर्यप्रकाशाच्या अभावाशी जोडला. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. १९२२ साली हचिसन आणि शाह यांनी मुंबई इलाख्यातील नाशिक येथील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. दिवसभर बाहेर राबणाऱ्या गरीब हिंदू कुटुंबांतील मुलांत, आहार निकृष्ट असूनही, मुडदूस आढळत नव्हता. पडदा पाळणाऱ्या सुस्थित मुसलमान व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत मात्र तो सर्रास होता.

'असूर्यंपश्या' हे शतकानुशतके प्रतिष्ठेचे विशेषण होते. नाशिकच्या निरीक्षणांनी त्या प्रतिष्ठेची किंमत हाडांत मोजून दाखविली. त्वचेवर 'बी' किरण पडल्याविना 'ड' जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. स्टेरॉल आणि जीवनसत्त्वे यांच्या संबंधावरील संशोधनासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यातल्या आईचे शरीर आणि तिच्या मुलाचे पाय, दोन्हींवर ही सावली पडली होती.

यावरून कष्टकऱ्याचे ऊन हे आरोग्यदायी होते, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हाडे सरळ राहिली, तरी डोळ्यांना मोतीबिंदू आणि त्वचेला अकाली वार्धक्य येण्याचा धोका होताच. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्यकिरणांना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले. भारतीय त्वचेतील मेलॅनिन या धोक्यापासून बरेच संरक्षण देते; पूर्ण संरक्षण देत नाही. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत', असे मराठी माणूस अनुभवाची ग्वाही देताना म्हणतो. या वाक्प्रचारात अनुभव आणि ऊन परस्परविरोधी मानले आहेत. ज्यांची त्वचा खरोखरच उन्हाने पिकली, त्यांच्या अनुभवाला तेथे स्थान नाही. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे (१८८३) महत्त्व या संदर्भात वेगळे जाणवते. शेतकऱ्याचे शरीर, वस्त्र आणि घर यांना त्यांनी विचारग्रंथाचा विषय केले.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीस संरक्षणाची साधने बदलली. १९९२ साली कॅनडाने अतिनील निर्देशांक जाहीर करण्यास प्रारंभ केला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वीकारला. निर्देशांक तीन किंवा अधिक असल्यास संरक्षण आवश्यक मानले जाते. भारतात मात्र या ज्ञानाला वर्णाच्या जुन्या आकांक्षेने गाठले. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली बदलले, तरी उन्हापासून बचाव आणि गोरेपणा यांची गाठ सुटलेली नाही. ज्या संस्कृतीने पंढरपूरच्या दैवताला प्रेमाने सावळा म्हटले, तिच्याच विवाहविषयक जाहिरातींत गोरेपणाची अट येत राहिली. पुणे-नागपूरच्या रस्त्यांवर स्कार्फ आणि सनकोट घालून दुचाकी चालविणाऱ्या स्त्रीकडेही त्यामुळे दुहेरी दृष्टीने पाहावे लागते. तिने स्वतःची सावली स्वतः बाळगली आहे आणि त्या सावलीत ती घराबाहेर पडली आहे. असूर्यंपश्येच्या वारशातून हे निघाले असले, तरी त्याची दिशा उलट आहे.

शासनव्यवहारात उन्हाची दखल उशिरा घेतली गेली आणि तीही उष्णतेपुरतीच. अहमदाबादने २०१३ साली उष्णताविषयक कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातील पहिला मानला जातो. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांतीचा अवधी यांची तरतूद करण्यात आली होती. सावली हा शब्द कायद्यात येणे ही लहान घटना नव्हे. छत्र दान म्हणून देणे आणि सावली हक्क म्हणून मागणे, या दोहोंत मोठे अंतर आहे.

हे अंतर किती कापले गेले, याची कसोटी रेणुकेच्या कथेतच आहे. तिने झाडाखाली घेतलेला विसावा क्षणभराचा होता आणि त्याचा जाब तिला द्यावा लागला. आज मराठवाड्यातून साखरपट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोडणी कामगारांची मजुरी टनावर ठरते. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडावयाची असते आणि काम चुकले की 'खाडा' मांडला जातो. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी फडात थांबणाऱ्या स्त्रीला सूर्यापेक्षा त्या नोंदीचे भय अधिक असते. जमदग्नींनी कारण ऐकले आणि सूर्यावर बाण रोखला. खाड्याच्या वहीत कारण लिहिण्यासाठी रकाना नसतो.